संगणकाच्या पोटातला शिपाई

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी तो काढला तेव्हा मागच्या खोलीत अंधार असे, लाल दिवा असे आणि तीन तबकांत तीन औषधे असत. त्या अंधारात मी लहानपणी एकच विद्या शिकलो. ती म्हणजे थांबणे. कागद औषधात टाकला, की चेहरा आपल्या वेळेने वर येतो. तुम्ही कितीही तबक हलवा, नवरी लवकर हसत नाही!

आज त्या खोलीत लख्ख उजेड आहे आणि तबकांच्या जागी कॉम्प्युटर बसला आहे. आणि दैवाची थट्टा अशी, की जिथे थांबायला शिकलो, त्याच खोलीत थांबता न आल्यामुळे माझ्या हातून एका गरीब मुलीवर अन्याय होता होता राहिला. होता होता तरी कसे म्हणू? थोडा झालाच. ती हकिकत सांगतो. तिच्यात थोडे यंत्रशास्त्र येईल, पण वाचकांनी घाबरून पान उलटू नये. मला समजले ते कुणालाही समजेल.

मुलगी मंद की यंत्र मंद?

२०२३ सालची गोष्ट. गणपती उठले होते, नवरात्र तोंडावर होते. लग्नाच्या तीन फिती जुळवून द्यायच्या राहिल्या होत्या आणि तुळशीचे लग्न लागले की नवा हंगाम सुरू होणार होता. आमच्याकडे चित्रफिती जोडण्याचे काम एक मुलगी करते. मुलगी गुणी, पण त्या दिवसांत तिचे काम हटेना. मी डोकावून पाहावे, तर ही आपली पडद्याकडे पाहत हनुवटीला हात लावून बसलेली! एकदा, दोनदा, दहादा पाहिले. शेवटी बोललोच.

"अगं, हात चालव जरा. पगार काय बघत बसण्याचा देतो का मी?"

ती उठली नाही, रडली नाही. नुसते एवढेच म्हणाली, "काका, मी नाही थांबत. हे थांबतं."

मला ते उर्मट उत्तर वाटले. थांबेल कसे? यंत्र नवे होते. वर्षापूर्वीच पुण्याच्या एका दुकानातून जोडून आणले होते. त्यातला प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, सहा गाभ्यांचा. मेमरी सोळा गिगाबाइट आणि तीसुद्धा '३२००' वेगाची. दुकानदाराने छापील बिलात तसे लिहून दिले होते. छापील बिलावर विश्वास आणि हाडामांसाच्या मुलीवर अविश्वास, असा माझा न्याय. त्या महिन्यात तिचे जादा तासांचे पैसे मी कापले आणि दिवाळीनंतर दुसरे कुणी पाहावे, असेही मनात योजून ठेवले. शिवाय सत्तर हजारांचे नवे यंत्र घ्यावे की काय, याचाही विचार चालला होता. घरात म्हटलेसुद्धा, "मुलगी बदलतो, नाहीतर यंत्र बदलतो."

दोन दिवसांनी तिनेच मला खुर्चीवर बसवले. विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर' नावाची एक खिडकी असते. तीत मेमरीच्या पानावर दोन ओळी होत्या. पहिली म्हणत होती, वेग २१३३. दुसरी म्हणत होती, चार खाचांपैकी वापरात एक.

"काका, बिलात ३२०० आहे ना?"

मी बिल काढले. ३२०० होते. मग हे २१३३ कुठून आले? आणि एकच खाच वापरात असली तर बिघडले काय? सोळा गिगाबाइट ते सोळा गिगाबाइट. एका पिशवीत आणा नाहीतर दोन पिशव्यांत, साखर तेवढीच!

इथेच माझी चूक होती. ती समजायला मला एका वाचनालयात जावे लागले. म्हणजे मनातल्या मनात.

वाचनालय, अभ्यासक आणि शिपाई

असे समजा, एक भलतेच चपळ अभ्यासक वाचनालयात बसले आहेत. हा आपला प्रोसेसर. त्यांच्या मेजावर चार-दोन पुस्तके आहेत आणि हाताशी एक लहानसा घोडा आहे. तिला म्हणायचे कॅशे मेमरी. नगद पैशांशी हिचा संबंध नाही. पलीकडच्या दालनात शेकडो कपाटे आहेत, ती आपली रॅम. आणि गावाबाहेर एक गोदाम आहे, ती डिस्क.

अभ्यासकांनी पुस्तक मागितले, की शिपाई दालनात जातो. योग्य कपाटापुढे उभा राहतो, योग्य फळी पूर्ण बाहेर ओढतो आणि तिच्यातून नेमके पुस्तक उचलतो. दुसऱ्या फळीवरचे पुस्तक हवे असेल, तर आधीची फळी आत सारावी लागते, मगच दुसरी ओढता येते. हे मी पदरचे सांगत नाही. मेमरीच्या चिपेत खरोखरच ओळी आणि स्तंभ असतात. आधी ओळ उघडायची, मग स्तंभ निवडायचा आणि नव्या ओळीपूर्वी जुनी मिटायची. पट्टीवर १६-१८-१८-३८ असे जे चार आकडे छापलेले असतात, ते याच कामांचे आहेत. उघडलेल्या फळीवरून पुस्तक मिळायला सोळा ठोके. फळी ओढायला अठरा. आत सारायला अठरा. आणि एकदा ओढलेली फळी निदान अडतीस ठोके तरी उघडी ठेवलीच पाहिजे, असा नियम. याला इंग्रजीत लेटन्सी म्हणतात. आपण खोळंबा म्हणू.

आता ३२०० म्हणजे काय? दालनाच्या दारातून सेकंदाला किती वेळा गठ्ठा बाहेर देता येतो, तो आकडा. एका सेकंदात ३२० कोटी वेळा! घड्याळाचे ठोके मात्र त्याच्या निम्मे, १६० कोटी. कारण प्रत्येक ठोक्याला दोनदा देवघेव होते. सुताराची दोघांनी ओढायची करवत जशी जाताना कापते आणि येतानाही कापते, तसेच हे. 'डीडीआर' या नावातले 'डबल' ते हेच.

म्हणजे वेग आणि खोळंबा या दोन निराळ्या गोष्टी झाल्या. शिपाई कितीही झपाझप गठ्ठे देवो, पहिले पुस्तक हाती पडेपर्यंत थांबावे लागतेच. आणि ठोक्यांचे आकडे नुसते पाहून चालत नाही, कारण ठोका लहान-मोठा असतो. खरा वेळ काढायची रीत सोपी आहे. पहिल्या आकड्याला २००० ने गुणा आणि पट्टीच्या वेगाने भागा. ३२०० ची पट्टी आणि १६ ठोके, तर १० नॅनोसेकंद. आमची पट्टी २१३३ ने चालली होती, १५ ठोक्यांवर. म्हणजे १४ नॅनोसेकंद. ठोके एकाने कमी आणि खोळंबा मात्र जास्त! आकड्यांना भुलू नये ते असे.

नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्याशा वेळाचे काय घेऊन बसलात, असे कुणी म्हणेल. मीही म्हटले होते. पण अभ्यासकांच्या नजरेने पाहा. त्यांचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. तो आपण एक सेकंद धरू. मग मेजावरचे पुस्तक चार-पाच सेकंदांत मिळते. दालनातले पुस्तक यायला, शिपायाचे जाणे-येणे आणि वाटेतल्या चौकशा धरून, ८० नॅनोसेकंद लागले असे समजा. अभ्यासकांच्या हिशेबात ती पाच मिनिटे आणि वर वीस सेकंद झाली. नव्या तऱ्हेच्या एसएसडी गोदामातून यायला चार-साडेचार दिवस. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून आणायचे, तर सव्वा वर्ष!

आता सांगा, हनुवटीला हात लावून बसले होते कोण?

गळक्या घागरी

शिपायाला इतका वेळ लागतो तरी का? याचे उत्तर मेमरीच्या जन्मातच आहे. अमेरिकेत आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली एक युक्ती सुचली. एक बारीक ट्रान्झिस्टर आणि एक इवलेसे विजेचे भांडे, एवढ्यात एक खूण साठवायची. भांडे भरलेले असले तर एक, रिकामे असले तर शून्य. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेलने ११०३ नावाची १०२४ खुणांची चिप बाजारात आणली आणि जुन्या चुंबकी मण्यांच्या मेमरीचे दिवस भरले. डेनार्ड २०२४ साली वारले. पण त्यांच्या भांड्यांवाचून आज एकही कॉम्प्युटर चालत नाही.

या भांड्यांना एक खोड आहे. ती गळतात. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक भांडे पुन्हा भरावे लागते. शिवाय वाचताना भांडे ओतलेच जाते, म्हणून वाचून झाले की पुन्हा भरायचे. नळाला कधी पाणी येते, कधी नाही, अशा वाड्यात वाढलेल्यांना हा संसार समजावून सांगायला नको. स्वस्त आणि आटोपशीर व्हायचे, तर गळतीचा हा जाच सोसणे भाग आहे.

आणि सर्वांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. २००३ च्या सुमारास डीडीआर-४०० जातीची चांगली पट्टी दोन ठोक्यांची मिळे. रीत लावा: दोन गुणिले दोन हजार भागिले चारशे, उत्तर १० नॅनोसेकंद. आजची डीडीआर५ जातीची ६००० वेगाची आणि ३० ठोक्यांची पट्टी घ्या: उत्तर पुन्हा १० नॅनोसेकंद! वीस वर्षांत दारातून जाणारे गठ्ठे पंधरापट झाले, पण फळीवरचे पहिले पुस्तक उचलायला शिपायाला तेवढाच वेळ लागतो. विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी या दोघांनी १९९५ सालीच एक छोटा निबंध लिहून बजावले होते, की प्रोसेसर पळत सुटला आहे आणि मेमरी मागे राहते आहे. एक दिवस तो या भिंतीवर जाऊन आदळेल. तेव्हापासून प्रोसेसर बनवणाऱ्यांची अर्धी अक्कल मेजाजवळचा घोडा मोठा करण्यात खर्च होत आली आहे. २०२२ साली एएमडीने एका प्रोसेसरावर मुद्दाम ९६ मेगाबाइटची कॅशे रचली, ती खेळ खेळणाऱ्यांसाठी. पुस्तक हाताशीच असले, तर शिपायाला हाक मारायलाच नको. आमच्या प्रोसेसरात ती १६ मेगाबाइटच आहे.

माझी चूक आणि तिचा उपयोग

असो. एकच खाच वापरात आहे म्हटल्यावर मी पुण्याहून तशीच, त्याच कंपनीची, त्याच आकड्यांची दुसरी पट्टी मागवली. साडेतीन हजार पडले. पहिली पट्टी प्रोसेसरच्या बाजूने दुसऱ्या खाचेत होती. मी नवी तिच्या शेजारीच पहिल्या खाचेत बसवली. दोघी बहिणी शेजारी-शेजारी बसल्या, छान दिसल्या. यंत्र सुरू केले, तर मेमरी ३२ गिगाबाइट! मी पेढे आणायला निघालो.

"काका, थांबा. अजून अडतंच आहे," मुलगी म्हणाली.

खरेच, फीत पूर्वीसारखीच ठेचकाळत होती. मेमरी दुप्पट झाली आणि फरक मात्र नाही. साखर वाढली, चहा तसाच!

मग तिने यंत्राबरोबर आलेले, आम्ही कधीही न उघडलेले पुस्तक उघडले. त्यात चित्र होते. पहिली आणि दुसरी खाच एका दाराची, तिसरी आणि चौथी दुसऱ्या दाराची. या दारांना चॅनल म्हणतात. प्रत्येक दार ६४ खुणांच्या रुंदीचे. प्रोसेसरला दोन दारे दिलेली होती आणि मी दोन्ही पट्ट्या एकाच दाराशी उभ्या करून दुसऱ्याला कुलूप घातले होते. पुण्याच्या दुकानदाराने पहिल्या दिवसापासून तेच केले होते. आठ-आठच्या दोन पट्ट्यांऐवजी सोळाची एक घातली, म्हणजे पुढे वाढवायला सोयीचे, असा त्याचा विचार असेल. त्याला दोष देत नाही. मीही पुस्तक उघडले नव्हतेच. सीपीयू-झेड नावाचा एक फुकट मिळणारा लहानसा प्रोग्रॅम आहे. त्याने तर एका शब्दात सांगितले: सिंगल.

नवी पट्टी काढून चौथ्या खाचेत घातली. आता 'ड्युअल' असे आले, आणि फीत चालू लागली! पूर्ण सुरळीत नव्हे, पण लंगडणारा माणूस काठी टेकून चालावा तशी.

माझ्या या चुकीने एक गोष्ट मात्र निखळ सिद्ध झाली. मेमरी तेवढीच, पट्ट्या त्याच, वेग तोच. बदलले ते फक्त दार. म्हणजे गुण दाराचाच. मुद्दाम प्रयोग करायचा म्हटला असता, तर इतका नीट झाला नसता.

राहिले ते २१३३. तेही गूढ तिनेच सोडवले. यंत्र नव्या पट्टीवर एकदम विश्वास टाकत नाही, कुठेही निभेल अशा सावकाश चालीने तिला चालवते. ३२०० ची चाल पट्टीच्याच एका कोपऱ्यात लिहून ठेवलेली असते, पण ती बायॉसमध्ये जाऊन कुणीतरी सुरू करावी लागते. कुणी तिला एक्सएमपी म्हणतो, कुणी डीओसीपी. डीडीआर५ च्या पट्ट्यांवर एक्स्पो असेही आढळते. एक कळ दाबायची, बस्स. वर्षभर आम्ही घोड्याचे पैसे भरून त्याला बैलाच्या चालीने चालवत होतो!

हिशेब असा झाला. एक दार आणि २१३३, तेव्हा सेकंदाला सुमारे १७ गिगाबाइट. दोन दारे आणि २१३३, तेव्हा ३४. दोन दारे आणि ३२००, तेव्हा ५१. हे कागदावरचे कमाल आकडे, प्रत्यक्षात काही कमीच पदरात पडतात. पण तिपटीच्या जवळपास रस्ता मोकळा झाला, एवढे खरे. कामे तिप्पट वेगाने झाली नाहीत, कारण अभ्यासकांना वाचायलाही वेळ लागतोच. पूर्वी एक फीत तयार होईपर्यंत दोन चहा होत, आता एक होतो. आणि जोडताना जे पदोपदी अडत होते, ते अडायचे थांबले.

मेहुण्यांचे भांडण

ही गोष्ट मी इतक्या कौतुकाने सगळ्यांना सांगितली, की आमचे मेहुणे दुसऱ्याच दिवशी जाऊन एक पट्टी घेऊन आले. आठ दिवसांनी भांडायला आले. "तुमच्या नादानं पैसे गेले. काडीचा फरक नाही!"

मी विचारले, "यंत्रावर करता काय?"

"पत्रं लिहितो. सोसायटीचा जमाखर्च मांडतो."

आता पत्र लिहिणाऱ्याला दोन दारे काय करायची? त्याची दोन-चार पुस्तके मेजावरच मावतात. शिपाई बिचारा स्टुलावर पेंगत असतो. हे मी आधीच सांगायला हवे होते, म्हणून इथे सांगून ठेवतो.

आमच्या प्रोसेसरात चित्रे रंगवणारा भागही त्याच चकतीत आहे. त्याला स्वतःची मेमरी नाही, तो याच दालनातून पुस्तके मागवतो, आणि तीही गाडीभर. एका दारावर दोघांची झुंबड उडते. म्हणून अशा यंत्राला दुसऱ्या दाराचा सर्वांत अधिक फायदा. ज्यांच्याकडे निराळे ग्राफिक्स कार्ड आहे, त्यांच्या कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते, तेव्हा फरक पुष्कळ कमी. काही खेळ, मोठमोठ्या फाइली दाबून लहान करणे, असल्या कामांत मात्र तो तिथेही जाणवतो. आणि ज्यांची मेमरीच मुळात अपुरी आहे, त्यांनी वेग, ठोके आणि दारे यांच्या नादी आधी लागू नये. पुस्तक दालनात मावलेच नाही, तर ते गोदामातून येणार आणि गोदाम किती लांब ते वर सांगितलेच आहे. पहिली भूक जागेची, मग दाराची, मग वेगाची आणि शेवटी ठोक्यांची. हा क्रम मी माझ्या खिशाला चटका बसून शिकलो.

दुकानात हल्ली आणखी एक वाक्य ऐकू येते, की डीडीआर५ ची एक पट्टी घेतली तरी दोन दारे मिळतातच. हे अर्धे खरे आहे. त्या पट्टीत ६४ रुंदीचे एक दार चिरून ३२ रुंदीच्या दोन झडपा केलेल्या असतात. त्याने रांगा थोड्या कमी होतात, पण दाराची एकूण रुंदी तेवढीच राहते. पूर्ण फायदा हवा, तर पट्ट्या दोनच घ्याव्यात, एकसारख्या घ्याव्यात आणि पुस्तकातल्या चित्राप्रमाणे बसवाव्यात. फाजील वेग मात्र लादू नये. यंत्र आपोआप बंद पडू लागले, तर एक पायरी खाली उतरावे. त्यात कमीपणा नाही.

उरलेला हिशेब

यंत्राचा हिशेब लागला. दुसरा राहिला होता. मी कापलेले जादा तासांचे पैसे काढले, दिवाळीचे पाकीट वेगळे केले आणि धनत्रयोदशीच्या सकाळी मुलीच्या मेजावर ठेवले. काही बोलायचे म्हणून मनात जुळवत होतो, पण तिने पाकिटे मोजली आणि म्हणाली, "काका, हे एक जास्त आहे."

"जास्त नाही. ते तुझंच होतं."

तिने पाकीट पर्समध्ये टाकले आणि पुन्हा पडद्याकडे वळली. फीत सरसर चालली होती. नवरी हसत होती, तीही लवकर.

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. काम अडले, की आपण काम करणाऱ्याकडे बोट दाखवतो. त्याच्या वाट्याला दार एकच ठेवले आहे का, त्याला कुणी सावकाश चालीला बांधले आहे का, हे पाहायला आपल्याला सवड नसते. वडिलांच्या त्या अंधाऱ्या खोलीत मी थांबायला शिकलो होतो खरा. पण आपण थांबलो असताना नेमके काय चालू असते, ते पाहायला मात्र एका मुलीने शिकवले.